फोन बोलतो, पण कोणत्या भाषेत?

अपंगत्व आणि मोबाइल या विषयावर प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, अथणी आणि पार तिकडे भालकीहूनही पत्रं आली. तक्रार बहुतेकांची फोनबद्दल आहे. खोलात गेलं की फोन ठीक निघतो आणि दोष भाषेत, फॉन्टात नाहीतर कागदात सापडतो. म्हणून उत्तरंही तिथूनच सुरू केली आहेत.

प्रश्न : मधुमेहामुळे आईची नजर गेली. नवा अँड्रॉइड फोन घेऊन टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, चालू करून दिला. इंग्रजी बटणं वाचतो, पण मराठी मेसेज आला की एक तर गप्प बसतो नाहीतर हिंदी बातम्या दिल्यासारखा वाचतो. कन्नड मेसेजला तर तोंडच उघडत नाही. दुकानदार म्हणतो, भारीतला फोन घ्या. (खानापूर)

उत्तर : फोन बदलू नका. पडद्यावरचं काय वाचायचं ते टॉकबॅक ठरवतो. ते उच्चारायचं काम दुसऱ्याच सॉफ्टवेअरचं असतं, त्याला 'टेक्स्ट-टू-स्पीच' इंजिन म्हणतात. तुमच्याकडे पहिलं नीट चाललं आहे, दुसऱ्यात मराठी-कन्नड आवाज उतरवलेले नाहीत.

सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत 'स्पीच' लिहा, कारण ही जागा प्रत्येक कंपनी वेगळीकडे ठेवते. सॅमसंगमध्ये ती 'सामान्य व्यवस्थापन'मध्ये असते, बऱ्याच इतरांत 'ॲक्सेसिबिलिटी'खाली. तिथे इंजिन गूगलचं निवडा. शेजारच्या दातेरी चाकावर टिचकी मारून 'व्हॉइस डेटा'त जा आणि मराठी (भारत) व कन्नड (भारत) दोन्ही उतरवून घ्या. हे काम वायफायवर उरका, म्हणजे कणकुंबीकडे रेंज गेली तरी आवाज बंद पडणार नाही.

मराठी मजकूर हिंदी ढंगात का वाचला जातो? यंत्र लिपी बघून भाषेचा अंदाज बांधतं, आणि मराठी-हिंदीची लिपी एकच. फोनची भाषा इंग्रजी असेल तर देवनागरी दिसताच ते हिंदी आवाजाकडे धावतं. मग 'चहा'तला च 'चंद्र'तल्यासारखा होतो आणि 'शाळा'तला ळ गुळगुळीत ल होऊन बसतो. फोनची मुख्य भाषा मराठी करा आणि स्पीच इंजिनची भाषाही 'सिस्टमप्रमाणे' न ठेवता मराठीच निवडा. कन्नडची लिपी वेगळी असल्यामुळे तिथे घोळ कमी होतो. गूगलच्या इंजिनात 'भाषा ओळखणे' अशी सोय असेल तर ती चालू ठेवा. नसेल तर टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये 'वाचन नियंत्रणे' उघडा आणि बोलण्याच्या भाषेचा पर्याय सुरू करा. मग भाषा हाताने बदलता येते.

शिकवताना सगळे हावभाव एका दिवशी सांगू नका. पहिले दोन दिवस तीनच गोष्टी : बोट काचेवर फिरवून ऐकणं, एक बोट उजवीकडे झटकून पुढच्या गोष्टीवर जाणं आणि दोनदा टिचकी मारून उघडणं. ते हातात बसलं की दोन बोटांनी सरकवणं आणि खाली-मग-डावीकडे अशा एकाच ओढीने मागे येणं शिकवा. फोन उचलायला आणि ठेवायला दोन बोटांच्या दोन टिचक्या पुरतात. आईंना याचाच सर्वांत जास्त उपयोग होईल, कारण हिरवं बटण शोधेपर्यंत रिंग संपलेली असते.

दोन घोटाळे हमखास होतात. टॉकबॅकच्या आवाजाची पातळी गाण्यांच्या पातळीपेक्षा वेगळी असते. ती शून्यावर गेली की घरात सगळ्यांना वाटतं टॉकबॅक बिघडला. तो बोलत असतानाच आवाजाचं वरचं बटण दाबा, म्हणजे तीच पातळी वाढेल. दुसरा घोटाळा नातवंडांचा. आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबली की टॉकबॅक चालू-बंद होतो. हा शॉर्टकट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा, नाहीतर 'फोन हँग झाला' म्हणून तो दुकानात जातो आणि तिथे सगळं पुसून परत येतो.

प्रश्न : आमचं महिला मंडळ दर महिन्याला पत्रक काढतं. डीटीपीवाल्याकडून पीडीएफ घेऊन व्हॉट्सॲपवर टाकतो. एक अंध सभासद म्हणतात, फोन काहीतरी इंग्रजी बडबडतो. पत्रक तर शुद्ध मराठी आहे. (निपाणी)

उत्तर : तुम्हाला मराठी दिसतं, फोनला इंग्रजी दिसतं. दोघांचंही खरं आहे. कृतिदेव, शिवाजी यांसारखे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार रंगवतात. कृतिदेवात 'मराठी' टाइप केलं की फाइलच्या पोटात ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं साठतात. डोळ्यांना मराठी आकार दिसतो, टॉकबॅक मात्र पोटातली अक्षरं वाचतो. कन्नडमध्ये जुन्या नुडी आणि बरहा फाइलींची हीच गत आहे, त्यामुळे पंचायतीच्या कन्नड सूचनेबाबत तक्रार आली तरी आधी हेच तपासा.

तपासणी अर्ध्या मिनिटाची. पीडीएफमधली एक ओळ निवडून व्हॉट्सॲपच्या लिहायच्या चौकटीत चिकटवा. मराठी आली तर मजकूर युनिकोड आहे, म्हणजे फाइलच्या पोटातही मराठी अक्षरंच आहेत. इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर फॉन्ट जुना आहे. आणि ओळ निवडताच येत नसेल तर ती पीडीएफ नव्हे, पीडीएफच्या कपड्यातला फोटो आहे.

डीटीपीवाल्याला 'युनिकोडमध्ये द्या' एवढंच सांगून भागत नाही. तो जुन्या मजकुरावर कन्व्हर्टर चालवेल आणि चुका तुमच्या गळ्यात पडतील. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे 'स्थिती', 'व्यक्तिगत', 'शक्तिप्रदर्शन' अशा जोडाक्षरांवर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र तर नेमका हरवतो. कन्व्हर्टरमधून आलेला मजकूर डोळ्यांनी तपासला तरी टॉकबॅकवर एकदा ऐकाच. कान जी चूक पकडतो ती डोळा सवयीने दुरुस्त करून पुढे जातो. पुढच्या अंकापासून मूळ मजकूरच फोनवर बोलून किंवा मराठी कळफलकावर टाइप करून दिलात तर हा व्याप उरणार नाही.

पत्रक सुंदर दिसावं म्हणून पीडीएफ ठेवा, पण त्याच मेसेजखाली तोच मजकूर साधा टाकत जा. मोबाइल नंबर सलग दहा आकडे लिहिला तर आवाज तो कोटी-लाखांत वाचतो. दोन-दोन किंवा पाच-पाच आकड्यांच्या गटांत लिहा. ५/६ असा दिनांक टाकू नका, '५ जून' लिहा. फोटो असेल तर एका ओळीत काय आहे ते सांगा : 'हळदीकुंकवाचा कार्यक्रम, मंडपात बसलेल्या बायका' एवढं पुरे. नाहीतर ऐकणाऱ्याला फक्त 'फोटो' हा शब्द ऐकू येतो. गटात सकाळी येणाऱ्या वीस सुप्रभात-चित्रांचं टॉकबॅकवर काय होतं, ते एकदा डोळे मिटून ऐकून बघा.

ज्यांना अंधुक दिसतं त्यांच्यासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा, मोठ्या ठळक अक्षरांना ३ ला १ चालतो. हा वेबसाठीचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. पिवळ्यावर पांढरं आणि गुलाबीवर लाल यात कधीच बसत नाही.

प्रश्न : कन्नडमधली नोटीस येते. मला दिसत नाही, आणि घरच्यांना दिसतं पण कन्नड वाचता येत नाही. (अथणी)

उत्तर : गूगल लेन्समध्ये 'भाषांतर' निवडा, कन्नडवरून मराठी ठेवा आणि 'ऐका' दाबा. अडतं ते बहुधा फोटोत. नोटीस टेबलावर सपाट पसरा, फोन तिच्या मधोमध आडवा ठेवा, दोन्ही कोपर टेबलाला टेकवा आणि फोन न तिरका करता सरळ वर घ्या. ए-४ कागदासाठी साधारण ३० ते ४० सेंटिमीटर उंची लागते. उजेड खिडकीतून बाजूने यावा. चकचकीत कागदावर फ्लॅश मारला तर मधल्या दोन ओळी पांढऱ्या होऊन गायब होतात.

अर्थ समजण्यापुरतं हे भाषांतर चांगलं आहे. सही करण्यापुरतं नाही. आडनावं, सर्व्हे नंबर आणि मुदतीची तारीख या तीन गोष्टी जाणत्या माणसाकडून ताडून घ्या. कन्नड आकड्यांत छापलेली तारीख विशेष. आणि 'विकलचेतन' हा शब्द मराठी आवाजात कसाही ऐकू आला तरी दुर्लक्ष करू नका. कर्नाटकातल्या कागदांत अपंग व्यक्तीसाठी तो वापरतात, म्हणजे नोटीस तुमच्या कामाची असू शकते. ग्रामपंचायतीत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो, अपंगांच्या योजनांची कामं तोच बघतो. त्याच्याकडून मूळ कागद वाचून घेता येतो.

प्रश्न : मुलगा जन्मतः बहिरा आहे, धारवाडला शिकतो. व्हिडिओ कॉलवर खुणा करताना चित्र अडकतं आणि दोघेही वैतागतो. माणसं बोललेलं लगेच लिहून दाखवणारं ॲप मराठीत चालतं का? (बेळगाव)

उत्तर : बोलणाऱ्या माणसाला अडखळतं चित्र चालतं, कारण आवाज पुढे जात राहतो. खुणांच्या भाषेत चित्र हेच बोलणं. सेकंदाला २० ते २५ चित्रं मिळाली तर खुणा सहज वाचता येतात. १२च्या खाली बोटांनी केलेली अक्षरं तुटायला लागतात. ॲप मात्र नेट कमी पडलं की बेधडक चित्रांवर कात्री चालवतं आणि आवाज वाचवतं. तुमच्या गरजेच्या अगदी उलट.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा'खाली 'कॉलसाठी कमी डेटा वापरा' हे चालू असेल तर बंद करा. फोन हातात धरू नका, एक हात त्यातच अडकतो. तो साधारण मीटरभर लांब उभा ठेवा, चौकटीत कमरेपासून डोक्याच्या वर वीतभर जागा येऊ द्या. मागे एकरंगी भिंत, अंगावर भिंतीच्या आणि कातडीच्या रंगापेक्षा वेगळा साधा कपडा. फुलाफुलांचा शर्ट असेल तर हलणारं प्रत्येक फूल डेटा खातं. उजेड तोंडावर हवा. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात मोबाइलवरच्या खुणांच्या भाषेवर काम झालं, तेव्हा आधार घेतला तो या निरीक्षणाचा की बघणाऱ्याची नजर हातांपेक्षा चेहऱ्यावरच खिळलेली असते आणि हात ती कडेने टिपते. म्हणून तिथल्या संशोधकांनी कमी डेटातही चेहऱ्याचा भाग अधिक स्पष्ट पाठवायची पद्धत बसवली. तुम्ही ते बल्ब पुढे ठेवून करा.

गटाच्या कॉलवर जो आवाज करतो त्याचं चित्र आपोआप मोठं होतं. त्यामुळे पंखा गरगरणाऱ्या खोलीतला मामा मोठा दिसतो आणि खुणा करणारा मुलगा कोपऱ्यात. त्याचं चित्र पिन करा, म्हणजे तेच मोठं राहील. रेंज अगदीच कमी असेल तर कॉलचा हट्ट सोडा आणि अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ रेकॉर्ड करून पाठवा. उशिरा पोहोचतील, पण तुटक नसतील. फोन सीमेपलीकडचा टॉवर पकडतो तिथे कोपऱ्यात 'आर' दिसतो आणि नेट बंद पडतं. 'डेटा रोमिंग' चालू केलं की बहुधा सुरू होतं, देशातल्या देशात त्याचे वेगळे पैसे नाहीत.

बोललेलं लिहून दाखवायला गूगलचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' आहे. ते मराठी आणि कन्नड दोन्हीत चालतं, आणि दोन भाषा आधी निवडून ठेवून हाताने बदलता येतात. इंटरनेट लागतं. फोनचा माइक खालच्या कडेला असतो, ती कड बोलणाऱ्याकडे करा आणि अंतर हातभर ठेवा. पाकिटासारखं कव्हर माइक झाकतं, ते काढा. दोघे एकदम बोलले की वाक्यं एकमेकांत मिसळतात. आपल्याकडे खरी अडचण पुढेच आहे. मराठीत सुरू झालेलं वाक्य कन्नडमध्ये संपतं, 'हो की, बर्तीनी (येतो) म्हणाला' असं काहीतरी, आणि ॲप अशा जोडभाषेला भलतेच मराठी शब्द लावतं. डॉक्टरांकडे नेताना त्यांना एकाच भाषेत बोलायची विनंती आधी करा आणि गोळीचं नाव व वेळ कागदावर लिहून घ्या.

प्रश्न : बँकेच्या ॲपवर केवायसी करताना डोळे मिचकवा म्हणतात. मी पूर्ण अंध आहे, कृत्रिम डोळे आहेत. दरवेळी 'पुन्हा प्रयत्न करा' येतं. (चिकोडी)

उत्तर : हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात, डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. केवायसीसाठी डोळे मिचकवण्याशिवायचे पर्यायही ठेवायला सांगितलं. तुम्ही शाखेत प्रत्यक्ष केवायसीची मागणी लेखी करा, अर्जात या निकालाची तारीख घाला आणि पोच घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते, ती फुकट असते. माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो. शाखेतल्या कोणी 'मी करून देतो, ओटीपी सांगा' म्हटलं तर सांगू नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी 'सीमाभागातील दिव्यांग आणि मोबाइल माध्यमं' हा विषय घेतला आहे. ४० प्रश्नांचा गूगल फॉर्म करून २०० जणांना पाठवायचा विचार आहे. पद्धत बरोबर आहे ना? (बेळगाव)

उत्तर : विषय चांगला, फॉर्म चुकीचा. तो भरू शकणारा माणूस आधीच चांगला फोन चालवतो. ज्याला अडतं तो तुमच्या २०० जणांत येणारच नाही, आणि शेवटी निष्कर्ष निघेल की सगळं छान चाललं आहे.

आधी शब्द पक्के करा. शरीरातला किंवा इंद्रियातला दोष ही एक गोष्ट आणि समाजाने उभ्या केलेल्या अडथळ्यामुळे येणारं अपंगत्व ही दुसरी. हा फरक ब्रिटनमधल्या अपंगांच्या एका संघटनेने १९७६ मध्ये मांडला, त्याला सामाजिक प्रारूप म्हणतात. माध्यमांच्या इतिहासात तो सरळ दिसतो. टेलिफोन आला आणि आवाजावर चालणाऱ्या त्या यंत्राने बहिऱ्यांना दशकानुदशकं कामधंद्यातून बाहेर ठेवलं. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या स्वतः बहिऱ्या असलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने फोनच्या तारेवरून टाइप केलेला मजकूर पाठवायची सोय केली. पुढे एसएमएस आला तेव्हा बहिऱ्यांनी तो आपलासा केला. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला, आणि संयुक्त राष्ट्रांचा अपंग दिनही त्याच तारखेला, त्याच वर्षापासून. योगायोगच, पण प्रबंधाच्या पहिल्या पानाला शोभेल. यंत्र बदललं तसं अपंगत्व कमी-जास्त झालं, कान होते तसेच होते. तुमच्या प्रबंधात हाच धागा सीमाभागात आणा. फोन तोच, पण मजकूर कोणत्या भाषेत आला यावर अडथळा बदलतो. मराठी घर, कन्नड नोटीस, इंग्रजी ॲप हा तिढा मुंबई-पुण्याच्या अभ्यासात मिळणार नाही.

आता माणसं. 'तुम्ही अपंग आहात का?' असं विचारू नका, वयामुळे ऐकू कमी येणाऱ्या आजी 'छे' म्हणतील. जगभर वापरला जाणारा वॉशिंग्टन ग्रुपचा सहा प्रश्नांचा संच घ्या : बघणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःची कामं करणं आणि इतरांशी बोलून समजून घेणं यांत किती अडचण येते. उत्तरं चार : अजिबात नाही, थोडी, खूप, जमतच नाही. एका जरी प्रश्नाला 'खूप' किंवा 'जमतच नाही' आलं तर ती व्यक्ती तुमच्या अभ्यासात. २०११ च्या जनगणनेतला २.२१ टक्क्यांचा, म्हणजे २.६८ कोटींचा आकडा द्यायला हरकत नाही. मात्र जनगणनेने अपंगत्वाचे आठ प्रकार धरले होते आणि २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. तेव्हा दोन्ही एका तक्त्यात घालून 'वाढ' दाखवू नका. परीक्षक तिथेच पकडतील.

दोनशेऐवजी बारा ते पंधरा माणसं घ्या. फक्त कार्यालयातून मिळालेल्या यादीवरून निवडू नका, कारण तिथे प्रमाणपत्र मिळालेलेच असतात. काही जण शाळेतून, काही दवाखान्यातून, काही गल्लीतल्या ओळखीने शोधा. बायका मुद्दाम शोधाव्या लागतील. घरात एकच फोन असतो आणि तो बहुधा भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात असतो. 'फोन कोणाचा?' हा तुमच्या अभ्यासातला सर्वांत बोलका प्रश्न ठरेल.

माहिती दोन मार्गांनी गोळा करा. पहिला, दोन आठवड्यांची डायरी : रोज एक व्हॉइस नोट, 'आज फोनवर कुठे अडलं, मग काय केलं?' बहिऱ्यांनी व्हिडिओ पाठवावा. दुसरा, समोर बसून पाच कामं : वीजबिलावरची रक्कम शोधणं, आलेला ओटीपी वाचणं, कन्नड सूचनेचा अर्थ लावणं, पैसे पाठवल्याची खात्री करणं, एक फोटो काय आहे ते सांगणं. प्रत्येक कामाला किती मिनिटं लागली, कितीदा मागे यावं लागलं आणि कोणाला हाक मारली ते नोंदवा. हाक कोणाला मारली हा रकाना अजिबात गाळू नका. पिन कोणाला ठाऊक आहे, बँकेचे मेसेज कोण वाचतो, मनातलं बोलायला फोन एकटीला मिळतो का, हे सगळं त्या रकान्यातून उलगडतं. अमेरिकेत मेरिल अल्पर यांनी न बोलणाऱ्या आणि आयपॅडवरून संवाद साधणाऱ्या मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. यंत्र एकच असतं, पण घरची ऐपत, शिक्षण आणि शाळेशी भांडायची ताकद यावर त्याचा उपयोग ठरतो. 'ॲपने आवाज दिला' असं सरसकट लिहायचा मोह त्यामुळे आवरा.

संमतिपत्र हा नुसता कागद नव्हे. अंध व्यक्तीला ते मराठीत वाचून दाखवा आणि होकार आवाजात नोंदवा. बहिऱ्या व्यक्तीसाठी खुणांच्या भाषेतला व्हिडिओ करा. बौद्धिक अपंगत्व असेल तर छोट्या वाक्यांचं, चित्रांचं पत्र करा आणि पालकांबरोबर त्या व्यक्तीचाही होकार घ्या. तिने मान फिरवली तर मुलाखत थांबली. दुभाषा निवडताना एक अडचण कायम विसरली जाते. बेळगावातल्या बहिऱ्यांच्या छोट्या वर्तुळात दुभाषा सगळ्यांना ओळखत असतो, त्याच्यासमोर माणसं खासगी बोलत नाहीत. बाहेरगावचा मिळतो का बघा. डायरीसाठी लागणारा रिचार्ज तुम्ही भरा, तो खर्च आधीच धरून ठेवा.

उद्धृतं मूळ भाषेत ठेवा, मराठी वाक्य इंग्रजी प्रबंधात देवनागरीतच येऊ द्या आणि खाली अर्थ द्या. नाव बदललं तरी 'नंदगडची अंध शिक्षिका' असं लिहिलंत तर गाव तिला लगेच ओळखेल. गाव गाळा, तालुकाच ठेवा.

प्रश्न : महाराष्ट्रातल्या दवाखान्यातलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र इथे चालतं का? (भालकी)

उत्तर : चालतं. २०१६ च्या कायद्याखाली सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेलं प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करा. मात्र राज्य सरकारच्या पेन्शनसाठी रहिवासाचा पुरावा कर्नाटकचाच लागेल. आधारवरचं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव यांत 'राव' किंवा 'गौडा' एवढाही फरक ठेवू नका, अर्ज नेमका तिथेच परत येतो.

प्रश्न : सात वर्षांची मुलगी, सेरेब्रल पाल्सी आहे, समजतं सगळं पण बोलता येत नाही. घरी मराठी, शाळा कन्नड. चित्रांवर बोट ठेवलं की बोलणारं ॲप घ्यावं म्हणतो. कोणत्या भाषेत? (हुक्केरी)

उत्तर : घरच्या भाषेत. ती ज्या भाषेत ऐकून समजते तीच तिची पहिली भाषा, शाळेची नंतर जोडता येते. 'ॲप दिलं तर बोलायचं शिकणार नाही' असं कोणी सांगेल, पण आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप मराठीत आहे, तिथून सुरुवात करा.

त्याआधी आठवडाभर कागद वापरा. जाड कागदावर चार-चार सेंटिमीटरचे नऊ चौकोन आखा. त्यांत पाहिजे, नको, अजून, संपलं, चल, थांब, मी, दुखतंय, काय हे नऊ शब्द चित्रांसह काढा. पहिल्या यादीत बहुतेक पालक पोळी, दूध, बॉल भरतात आणि 'नको' विसरतात. मग मुलीला नकार द्यायला ओरडण्याशिवाय मार्गच उरत नाही. चौकोनांच्या जागा पुन्हा बदलू नका, हात जागा लक्षात ठेवतो, डोळा नाही. तिचा हात थरथरत असेल तर चौकोन सहा करा आणि मधे बोटभर रिकामी जागा सोडा.

'पाणी कुठंय, दाखव' अशी परीक्षा घेत बसू नका. तुम्ही बोलताना तुम्हीच त्या चौकोनांवर बोट ठेवत बोला : जेवण वाढताना 'अजून?', ताट उचलताना 'संपलं'. ती महिनाभर नुसती बघत राहिली तरी चालेल. ॲपवर गेल्यावर फोनमध्ये 'ॲप पिन करा' चालू ठेवा, नाहीतर बोट घसरून यूट्यूब उघडतं आणि बोलणं तिथेच संपतं. प्रत्येक चित्राखाली मराठी शब्द आणि त्याखाली कन्नड शब्द लिहिलेली दुसरी प्रत लॅमिनेट करून दप्तरात ठेवा. बाई तीच चित्रं बघतील आणि कन्नडमध्ये उत्तर देतील. चार्जिंग संपलं किंवा फोन बाबांबरोबर साखर कारखान्यावर गेला, तर त्या दिवशी हाच कागद लागतो. त्याची एक प्रत स्वयंपाकघराच्या दारावर तिच्या खुर्चीच्या उंचीला चिकटवा.